पोथीचा रुमाल आणि मुलांची फळी

पुस्तकाला पाय लागला तर वाकून ते कपाळाला लावायचे, हे आपल्यापैकी कोणालाही मुद्दाम शिकवावे लागले नाही. चालायला लागल्यापासून आपण ते घरात पाहत आलो. पुस्तक म्हणजे सरस्वती, आणि तिची जागा उंचावर. फडताळाच्या वरच्या कप्प्यात, देवघराच्या वरच्या फळीवर, नाही तर ट्रंकेत, आणि ती ट्रंक पुन्हा माळ्यावर. लहान मुलाचा हात जिथे पोचत नाही, तिथे पुस्तक ठेवायचे, अशी आपली जुनी रीत.

मी घरी पाळणाघर चालवते. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची सात मुले माझ्या दोन खोल्यांत असतात. त्यामुळे मुलांची पुस्तके ठेवायची कुठे, हा माझ्यापुढे रोजचा प्रश्न आहे. उंचावर ठेवली तर ती मुलांची राहत नाहीत. खाली ठेवली तर फाटतात, चघळली जातात, आणि न्यायला आलेल्या आया म्हणतात, “अहो, पुस्तके काय खेळायला देता?” मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेत काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मनात आले की आपल्याकडे पुस्तके वर का गेली आणि खाली कोणी आणली, हेच लिहावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनालयातल्या बाई मागेन ते शोधून देतात आणि दुपारी मुले झोपली की मला तासभर मोकळा मिळतो. त्या तासातले हे वाचन आहे.

छपाई येण्यापूर्वी पुस्तक म्हणजे पोथी. सुट्या पानांची, हाताने लिहिलेली. खाली-वर लाकडी पाट्या, त्यांवर कापड गुंडाळायचे आणि दोरीने बांधायचे. त्या कापडाला रुमाल म्हणत. पेशव्यांच्या दप्तरातले कागदही असेच रुमालात बांधलेले असत, आणि दप्तराची मोजदादसुद्धा रुमालांवर होई. एक मोठी पोथी उतरून काढायची म्हणजे कित्येक महिने मान मोडून बसावे लागे. शाई घरी करायची, बोरू घरी तासायचा. इतक्या कष्टाची वस्तू कोण पोरांच्या हाती देईल? पुष्कळ पोथ्यांच्या शेवटी लिहिणारा पोथीच्या तोंडून विनवणी करून ठेवी की तेलापासून मला सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, बांधणी सैल होऊ देऊ नका आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका. आता यात तेल आले, पाणी आले, मूर्ख आले. मुलांचे नाव कुठे नाही. पण मुलांची गणना चौघांपैकी कशात करत असतील, हे भगिनींनी ओळखावे!

त्या काळी मुलांचे काही अडतही नव्हते म्हणा. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, परवचा म्हणायचा, श्लोक पाठ करायचे. गोष्टी ऐकायच्या त्या आजीच्या मांडीवर. मुलाचे शिक्षण कानाने चाले, डोळ्यांपुढे पुस्तक लागत नसे. आणि खास मुलांसाठी म्हणून कोणी पुस्तक लिहीतही नव्हते.

पहिले छापील मराठी बालपुस्तक महाराष्ट्रात निघाले नाही, याचे मला फार नवल वाटले. ते निघाले दूर तंजावरला. तिथले भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी इसापाच्या गोष्टींचे मराठी करवून ते १८०६ साली आपल्या छापखान्यात छापविले. ‘बालबोध मुक्तावली’ हे त्याचे नाव. इकडे मुंबईत पुढे बावीस वर्षांनी, १८२८ मध्ये, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीति’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके आली. त्यातला ‘बाळमित्र’ मूळचा फ्रेंच. कोल्हा, करकोचा, आळशी मुलगा, आज्ञाधारक मुलगी ही सारी मंडळी तेव्हापासून आपल्या पुस्तकांत शिरली ती अजून बाहेर पडलेली नाहीत.

पुस्तके छापील झाली तरी त्यांची जागा मात्र तीच राहिली. शाळेत गुरुजींच्या पेटीत, घरी वडिलांच्या कपाटात. माझ्या मते त्यांना खाली आणण्याचे पहिले काम मासिकांनी केले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढले. मासिकाचा गुण असा की ते पातळ असते, स्वस्त असते आणि महिन्याने दुसरे येते. त्याला कोणी रुमालात गुंडाळत नाही. ते चटईवर पडून राहते, शेजारी जाते, भावंडांच्या ओढाताणीत त्याचे मुखपृष्ठ निघते, आणि त्याबद्दल कोणी फारसे रागावत नाही. १९५२ पासून मराठीत आलेला ‘चांदोबा’ आणि १९७१ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाने सुरू केलेला ‘किशोर’ यांनी हेच केले. माझ्या माहेरी ‘चांदोबा’चे जुने अंक पाटाखाली असत, ट्रंकेत कधीच नव्हते.

कुलपाची हौस काही आपल्याच देशाला होती असे नाही. युरोपात जुन्या काळी ग्रंथालयातली पुस्तके फळीला साखळीने जखडून ठेवीत. ग्रंथालयशास्त्राचे आपले मोठे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले; त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तके वापरासाठी असतात. वाचताना वाटते, हे काय सांगायला हवे? पण आपले मंडळाचे कपाट डोळ्यांपुढे आणले म्हणजे सांगायला हवे हे पटते.

त्याआधी बडोद्याला सयाजीराव महाराजांनी पुष्कळ केले होते. १९०६ च्या प्रवासात त्यांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली, आणि १९१० मध्ये तिकडचे बोर्डन नावाचे जाणते गृहस्थ बडोद्याला आणविले. खेड्यापाड्यांना लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवायची, ती वाचून झाली की पेटी पुढच्या गावी, अशी फिरती वाचनालये त्यांनी सुरू केली. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांची वेगळी सोय केली, मुलांसाठी निराळी खोली केली, आणि त्या खोलीत खेळही ठेवले. पुस्तके आणि खेळणी एका खोलीत! आमच्या पाळणाघरात ती एका चटईवर असतात, एवढाच फरक.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती घडली रोम शहरात. सान लोरेन्झो नावाच्या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी एक घर उघडले. त्याचे नावच ‘मुलांचे घर’. म्हणजे विचार केला तर तेही एक पाळणाघरच. तिथे साहित्य कपाटात कुलपात असे. बाई यायच्या, कुलूप काढायच्या, एकेकाला वस्तू वाटायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या. एके दिवशी कुलूप लावायचे राहून गेले होते आणि बाईंना यायला उशीर झाला. येऊन पाहतात तो मुलांनी कपाट उघडून आपापल्या वस्तू काढलेल्या! बाईंना वाटले, ही चोरी झाली. यांना शिक्षा केली पाहिजे. माँटेसरीबाईंनी मात्र पाहिले की मुलांना आपापली वस्तू कुठे असते ते ठाऊक आहे, आणि प्रत्येकाने आपल्याला हवी तीच घेतली आहे. त्या दिवसानंतर उंच कपाट गेले आणि मुलांच्या उंचीची बुटकी कपाटे आली. आज जगभरच्या बालवाड्यांत बुटक्या फळ्या दिसतात, त्यांचे मूळ हे एक न लावलेले कुलूप आहे.

हे विचार आपल्याकडे आणले भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. मूळचे वकील; वकिली सोडली आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. मुलांना वाचायला गोष्टीच नाहीत, हे पाहून त्यांनी स्वतः गुजरातीत ढीगभर छोटी पुस्तके लिहिली. त्यांचे ‘दिवास्वप्न’ पुस्तक माझ्या वाचनात आले. त्यातले मास्तर एक युक्ती करतात. प्रत्येक मुलाने तेच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी पैसे एकत्र करायचे आणि वेगवेगळी गोष्टींची पुस्तके आणून वर्गाचे वाचनालय करायचे. म्हणजे एकाच्या पैशात सगळ्यांचे वाचन. आपण भिशी लावतो, त्यातलाच हा प्रकार, असे मला वाटले.

गिजुभाईंना जाऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. मुंबईला १८९२ मध्ये जन्म, त्या काळातल्या बी. ए. नोकरीतला मान सोडून त्या भावनगरला बालमंदिरात मुलांच्या मागे धावायला गेल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाले, आणि मराठी घरांतून बालशिक्षण हा शब्द ऐकू येऊ लागला. पण माँटेसरीचे साहित्य महाग. सुतारकाम बारीक, माप अचूक. ते पांढरपेशांच्या मुलांना परवडे. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ च्या डिसेंबरात त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे काम सुरू केले. सोबत होत्या अनुताई वाघ.

अनुताईंविषयी थांबून दोन शब्द लिहायला हवेत. १९१० मध्ये मोरगावला जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तिथेच संपायचे. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि ताराबाईंबरोबर बोर्डीला गेल्या त्या परत फिरल्याच नाहीत. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलखात हलले, तिथेच त्यांनी जन्म घालविला. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

बोर्डीला त्यांनी बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. घरची कामे, धाकटी भावंडे कडेवर, आणि परक्या जागेचे भय. तेव्हा या दोघींनी मुले बोलवायचे सोडून बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. कोसबाडला मुले गुरे राखायला जात तर शाळा कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. मोजायला शिंपले, बिया, खडे; रंगवायला गेरू; बाजारातून काही आणायचेच नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा आपला मराठी शब्द देशभर गेला. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. मला वाटते, मूल वस्तूकडे येत नसेल तर वस्तू मुलाकडे न्यायची, हे पुस्तकांना जितके लागू पडते तितके दुसऱ्या कशाला पडत नसेल.

मग एवढे सगळे होऊनही कपाटाला कुलूप का? याचे कारण शोधता शोधता मी आपल्यासारख्या मंडळांच्या इतिहासापाशी आले. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि ठिकठिकाणच्या महिला मंडळांना बालवाड्यांसाठी अनुदान मिळू लागले. फार चांगले झाले. त्या पैशाने किती गावांत पहिली बालवाडी उभी राहिली. पण अनुदान आले की हिशेब आला. वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद आली, आणि वर्षाच्या शेवटी मोजदाद आली. पुस्तक कमी भरले तर जबाब द्यायचा शिक्षिकेने. फाटले तर तिनेच. तुटपुंज्या मानधनावर काम करणारी बाई मग काय करणार? ती पुस्तके कपाटात कोरी करकरीत ठेवणार, आणि तपासणीला कोणी आले की काढून टेबलावर मांडणार. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. हिशेबात फाटलेल्या पुस्तकाला जागा ठेवली की तीच बाई कुलूप काढील.

सरकारची वाट न पाहता हे काम बायकांनी घरच्या घरी केल्याचे एक उदाहरण जपानचे आहे. मोमोको इशिई नावाच्या लेखिकेने १९५८ मध्ये तोक्यो शहरात आपल्या राहत्या घरातली खोली मुलांच्या वाचनासाठी उघडली. मुलांनी यावे, फळीवरून पुस्तक घ्यावे, तिथेच बसून वाचावे किंवा घरी न्यावे. अशा घरगुती वाचनालयाला तिकडे बुंको म्हणतात. १९६५ मध्ये त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिले, आणि पुढच्या काळात कितीतरी जपानी गृहिणींनी आपापल्या घरी बुंको काढले. त्यासाठी मोठी जागा, इमारत, फर्निचर काही लागले नाही. लागली एक खोली आणि ती उघडी ठेवायची तयारी.

आता माझ्या दोन खोल्यांत हे कसे जमवले ते सांगते, कारण आपल्यातल्या तिघी-चौघी पाळणाघर सुरू करण्याच्या विचारात आहेत. तीन वर्षांचे मूल पुस्तक ओळखते ते मुखपृष्ठावरच्या चित्राने. कपाटात आपण पुस्तके उभी लावतो तेव्हा दिसते ती नुसती कड, आणि त्या कडेवर बारीक अक्षरे. ज्याला अक्षर येत नाही त्याला ती सगळी पुस्तके सारखीच. म्हणून पुस्तकाचे तोंड बाहेर हवे. मी भिंतीवर जमिनीपासून दोन हात उंचीवर सुती दोरी ताणून बांधली आहे आणि तिच्यावर पातळ पुस्तके मधोमध उघडून घातली आहेत, दोरीवर टॉवेल घालावा तशी. जाड पुस्तकांसाठी जुन्या नऊवारीच्या दुहेरी पट्टीला खिसे शिवले आहेत. खिसा पुस्तकाच्या निम्म्या उंचीचा, म्हणजे चित्र वर डोकावते. दीड वर्षाच्या मुलांसाठी फळांचे एक लाकडी खोके घासून गुळगुळीत केले आहे, त्यात जाड पुठ्ठ्याची पुस्तके. ती चघळली तरी हरकत नाही. ओल्या फडक्याने पुसून घेते.

एका वेळी बाहेर आठ-दहाच. बाकीची वरच्या पेटीत. सगळी मांडली तर मुले ढीग उपसतात आणि एकही पाहत नाहीत. पंधरा दिवसांनी पालटली की जुनेच पुस्तक पुन्हा नवे होते; मुले ‘आलं, आलं’ करतात, जणू मामा गावाहून आला.

आपल्या हवेत खरी काळजी मुलांची नाही, पावसाची आणि किड्यांची आहे. फळी भिंतीला चिकटवू नये, चार बोटे जागा सोडावी, नाही तर ओल थेट पुस्तकांत शिरते. पावसाळा संपला की ऑक्टोबराच्या उन्हात पुस्तके सावलीच्या कडेला उघडून ठेवावीत. थेट उन्हात पाने वाकतात आणि पिवळी पडतात. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवावेत; कसर फिरकत नाही. बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात, कारण पिठाच्या खळीला कीड लागते. पण मोरचूद विषारी. जिथे मुले पुस्तक तोंडात घालतात तिथे ते अजिबात नको, आणि डांबराच्या गोळ्याही नकोत. मी साधी मैद्याची खळ लावते आणि कीड लागली तर पुन्हा चिकटवते.

फाटण्याविषयी. शनिवारी दुपारी आम्ही ‘पुस्तकांचा दवाखाना’ करतो. खळीची वाटी, पातळ कागदाच्या पट्ट्या, आणि मोठी मुले हाताशी. पट्टी लावताना पान धरून ठेवणारे मूल पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला दटावते, “हळू उलट!” हे मी किती सांगून झाले नसते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांतली दोघे धुणीभांडी करणाऱ्या बायकांची आहेत. त्यांच्या घरी पुस्तक नाही, मोबाइल आहे. त्यातला एक पुस्तक उलटे धरून माझ्यासारखा आवाज काढून गोष्ट सांगतो. गोष्ट त्याची स्वतःचीच असते, दर खेपेला निराळी. तो पाच वर्षांचा होऊन शाळेत जाईपर्यंत त्याच्या हाताला जेवढी पुस्तके लागतील तेवढी माझ्याच दोरीवरची. माझ्याजवळ आहेत ती तीसेक, आणि त्यातली निम्मी आता दवाखान्यातली.

मंडळाच्या कपाटात मुलांची शंभरावर पुस्तके आहेत. देणग्यांतून आलेली, काही तर सुंदर चित्रांची, आणि त्यांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. कपाटाची चावी चिटणीसबाईंकडे आहे, आणि त्यांनी ती जबाबदारीने सांभाळली आहे याबद्दल कोणाचे दुमत नाही. येत्या वार्षिक सभेपुढे मी एक ठराव मांडणार आहे. कपाटाचे खालचे दोन कप्पे मुलांसाठी मोकळे करावेत आणि त्यांची दारे काढावीत. वहीत ‘वापरात जीर्ण’ असा एक रकाना आखावा, म्हणजे फाटलेल्या पुस्तकाबद्दल कोणाला जबाब द्यावा लागणार नाही. आणि दर महिन्याला दहा पुस्तके पाळी पाळीने वस्तीतल्या पाळणाघरांना व अंगणवाडीला पिशवीतून द्यावीत. वरच्या कप्प्यांचे कुलूप राहू द्यावे. तिथे जमाखर्चाच्या वह्या आणि हळदीकुंकवाची भांडी आहेत.

दारे उतरवून त्याच लाकडाच्या पुढे अडसराच्या पट्ट्या बसवून द्यायला आमच्या चाळीतले सुतारकाका तयार आहेत. ते मजुरी घेणार नाहीत. खिळे आणि पॉलिश तेवढे मंडळाने आणून द्यायचे आहे.